तीन मिनिटं

तीन मिनिटं मिळतात.
जाळी पाण्यात गेल्यापासून मोजायची.
तेवढ्यात रक्त काढलं तर ते माशाचं.
उशीर झाला
तर ते जाळीचं, माझ्या हाताचं,
माझ्या गमबुटांच्या आवाजाचं.
गुन्वोर हे सांगताना घड्याळाकडे बघत नाही,
तेवीस वर्षांत काटा तिच्या मनगटातच रुतलाय.

ट्रॉम्सोत जानेवारी आहे.
दुपारी बाराला खिडकी निळी होते
आणि तासाभरात विझते.
तळघरात बारा तास दिवस, बारा तास रात्र,
माशांना ऋतू आम्हीच वाटतो.
टाकी पाच : शांत.
टाकी चार : रोज दोनदा जाळीने पाठलाग, तीन आठवडे.
पाठलाग मी करते.

मेंदू वाटाण्याएवढासुद्धा नाही.
डोळ्यांचे दोन फुगीर गोळे, मागे एक बारकी टेकडी,
पुढे वासाचे दोन कोंब.
उणे वीसच्या थंडीत मी त्याचे काप घेते,
कांद्याचा पापुद्रा यापुढे जाड वाटेल.
ब्रशच्या एका केसाने उचलायचा, श्वास धरून,
नाहीतर दिवसभराचं काम
माझ्याच उच्छ्वासाने वितळतं.

आपला मेंदू वाढताना आत मुडपत जातो.
यांचा बाहेर उलगडतो,
चोळीची बाही उलटी करावी तसा.
आपण जे खोल पुरतो
ते यांच्यात कडेला असतं, उघड्यावर.
आठवण तिथेच, अगदी काठाशी.
नव्या पेशी तिथे हिरव्या चमकतात, त्या मी मोजते.
टाकी पाचमध्ये मोजताना कंटाळा येतो.
टाकी चारमध्ये येत नाही,
लवकर संपतात.

नऊ वर्षांची होते तेव्हा कॉडच्या जिभा कापायचे.
लोफोटेनमध्ये सगळीच पोरं कापतात.
धक्क्यावरच्या शेडमध्ये लोखंडी सुळा,
त्यावर डोकं खुपसायचं, सुरी फिरवायची,
जीभ बादलीत, डोकं मागच्या ढिगात.
ढीग वाळून नायजेरियाला जायचा,
जिभांचे पैसे आमचे.
योस्टाइन माझ्याहून दोन वर्षांनी मोठा,
मी एक कापेपर्यंत त्याच्या तीन व्हायच्या.
हजारो डोकी या हातांखालून गेली.
आत काय असतं
असं एकदाही मनात आलं नाही.
सायकल हवी होती.

योस्टाइनने मागच्या वर्षी बोट विकली.
झोप येत नाही म्हणतो.
डॉक्टरांनी नळ्या दिल्यात, सकाळी एक, रात्री एक,
त्यात थुंकायचं.
"तुझे मासेही थुंकतात का गं?"
मी हसले. म्हटलं, त्यांना गरज नाही,
त्यांची भीती कल्ल्यांतून पाण्यात झिरपते,
पाणी तपासलं तरी कळतं.
तो बराच वेळ गप्प होता.
मागे फ्रीजची घरघर ऐकू येत होती,
आईच्या वेळचाच फ्रीज.
मग म्हणाला, "आकडा आला माझा. जास्त आहे म्हणे."
कशापेक्षा जास्त,
असं विचारणार होते.
जाळी पडण्याआधीचा त्याचा आकडा
कुणाकडेच नाही.
त्या शेडमध्ये त्याच्या शेजारी उभी होते मी,
सात हिवाळे,
मीसुद्धा घेतला नाही.

पाठलाग गेल्या सोमवारी संपला.
चारमधले उरलेले अकरा मासे आता
तसेच ठेवायचे, महिनाभर,
हिरवे ठिपके परत येतात का बघायला.
गुन्वोर म्हणते, काहींत येतात.
कोणत्या काहींत, ते तिलाही ठाऊक नाही.

आज खाणं घालायला गेले
तेव्हा बूट दाराशीच काढले.
मोज्यांवर चालले.
फरशी ओली होती.
मासे तरीही पलीकडच्या भिंतीला चिकटले,
सगळे, एकाच दिशेला तोंड करून.
मी दाणे टाकले
आणि पाय गार पडेपर्यंत तिथेच उभी राहिले,
किती मिनिटं ते मोजलं नाही.